चित्रण झाले, पाहणार कधी?

डिजिटल कॅमेरा हातात असलेल्या माणसाला व्हिडिओच्या बाबतीत तीन गोष्टी जागच्या जागी करता येतात: चित्रण करणे, झालेले चित्रण पाहणे आणि त्यातला नको तो भाग छाटणे. तिन्ही सोयी एकाच यंत्रात आहेत, पण वापर होतो तो बहुतेक पहिलीचाच. कार्ड भरते, हार्ड डिस्कवर उतरवले जाते, पुन्हा रिकामे होऊन पुढच्या समारंभाला जाते. बारशाचे चाळीस मिनिटांचे चित्रण नंतर कोणी बघत नाही. त्यात आजीने पाळणा म्हटलेली दीड मिनिटे असतात, तीही त्या चाळीस मिनिटांबरोबर हरवतात. तीच वेगळी काढून ठेवली असती तर नातवंडांनी पन्नास वर्षांनीही पाहिली असती.

चित्रणाचे तंत्र, ते पाहण्याची सवय आणि छाटणीची सोय आज कुठवर आली आहे, याचा हा आढावा आहे. त्यातून निघणारे माझे म्हणणे थोडक्यात असे: घेतलेले चित्रण त्याच दिवशी पाहावे, घरगुती चित्रण मनापासून छाटावे, पण छाटलेला भाग नव्या फाइलीत ठेवावा, आणि उद्या साक्ष ठरू शकेल अशा चित्रणाला मुळीच कात्री लावू नये.

तीन कामे एका यंत्रात

पूर्वी ही कामे तीन वेगळ्या ठिकाणी होत. फिल्मवर काय उमटले ते लॅबमधून धुऊन आल्यावरच कळे. दिग्दर्शक धुऊन आलेले ते कच्चे चित्रण, म्हणजे रशेस, पाहायला बसे तोवर सेटवरचा दिवस संपलेला असे. छाटणी संकलकाच्या टेबलावर. कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात होऊ शकणारी छाटणी एकच होती, ती म्हणजे नको ते टिपायचेच नाही. दादासाहेब फाळके यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. रोप वाढत असताना थोड्या थोड्या अंतराने त्याच्या फ्रेम घेत गेल्यामुळे कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. मधला काळ कॅमेऱ्याने घेतलाच नव्हता.

अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीने 1956 मध्ये दोन इंच रुंद चुंबकीय फितीवरचा व्हिडिओ रेकॉर्डर आणला आणि चित्रण लगेच पाहणे शक्य झाले. छाटणे मात्र अधिकच अवघड झाले. फिल्मवर चित्र डोळ्यांना दिसते, फितीवर काहीच दिसत नाही. म्हणून फितीवर लोहकण मिसळलेला द्रव लावून चुंबकीय रेषा उमटवायच्या आणि नेमक्या दोन रेषांच्या मध्ये ब्लेड चालवायचे, अशी सुरुवातीची पद्धत होती.

घरगुती व्हिडिओची वाटचालही अशीच तुकड्यातुकड्यांनी झाली. सोनीचा 1983 चा ‘बीटामूव्ही’ हा कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र असलेला पहिला घरगुती कॅमकॉर्डर. तो चित्रण करी, पण केलेले दाखवू शकत नसे. कॅसेट काढून घरच्या व्हीसीआरमध्ये घालावी लागे. पुढच्याच वर्षी आलेल्या जेव्हीसीच्या ‘जीआर-सी1’मध्ये चित्रण पाहण्याची सोय आली. 1992 मध्ये शार्पने ‘व्ह्यूकॅम’ला रंगीत एलसीडी पडदा बसवला, आणि भोवती जमलेल्या चार माणसांना एकाच वेळी चित्रण पाहता येऊ लागले.

छाटणी मात्र दुकानातच राहिली. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओंवर ‘व्हिडिओ शूटिंग व मिक्सिंग’ अशा पाट्या लागल्या त्या याच काळात. एका मशीनवर मूळ कॅसेट चालवायची, हवा तो भाग आला की दुसऱ्यावर उतरवायचा. प्रत्येक उतरवणीला चित्र थोडे फिके पडे. तरीही या साधनांवर किती काही करता येते, हे मालेगावने दाखवले. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतला आणि व्हीसीआरवर जोडला.

1995 च्या डीव्ही फितीने चित्र आकड्यांत साठवले. एका तासाला सुमारे 13 जीबी जागा लागे, पण प्रतीची प्रत काढली तरी चित्र फिके पडत नसे. त्यानंतर फितीची जागा कार्डाने घेतली. ऑगस्ट 2008 मध्ये निकॉनने ‘डी90’ जाहीर केला. फोटोसाठी बनलेल्या डीएसएलआरमध्ये व्हिडिओ आला तो इथे प्रथम. महिनाभरातच कॅननच्या ‘फाइव्ह डी मार्क टू’ने पूर्ण एचडी चित्रण दिले. मोठा सेन्सर, बदलता येणाऱ्या लेन्स आणि व्हिडिओ हे त्रिकूट सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आली. कार्डावरच्या फाइली मागेपुढे न गुंडाळता उघडता येत, म्हणून पाहणे आणि छाटणेही त्याच यंत्राच्या मेनूत सामावले. तिन्ही कामे एकत्र आली ती अशी.

चित्रण: थांबण्याची कारणे

चित्रण मध्येच आपोआप का थांबले, हा नव्या माणसाचा पहिला प्रश्न. त्याची कारणे चार.

पहिले कारण फाइलीच्या आकाराचे. 32 जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डे फॅट32 पद्धतीने आखलेली असतात आणि तिच्यात एक फाइल 4 जीबीहून मोठी होऊ शकत नाही. ‘फाइव्ह डी मार्क टू’चे पूर्ण एचडी चित्रण याच मर्यादेमुळे सुमारे 12 मिनिटांत थांबे. पुढच्या कॅमेऱ्यांनी 4 जीबी झाले की नवी फाइल सुरू करण्याची युक्ती केली. 32 जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डे एक्सफॅटवर चालतात आणि तिथे ही अडचण उरत नाही.

दुसरे कारण 29 मिनिटे 59 सेकंदांचे. याला तांत्रिक आधार नव्हता. युरोपीय संघाच्या आयात शुल्कात सलग 30 मिनिटे किंवा जास्त चित्रण करणारे यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरे आणि त्यावर शुल्क लागे. ते टाळण्यासाठी कंपन्यांनी एक सेकंद आधी थांबणारे कॅमेरे बनवले आणि ते जगभर विकले. ब्रुसेल्सच्या नियमापायी पुण्यातल्या मैफलीतली बंदिश अर्धवट तुटावी, हे पटणारे नव्हते. अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा राहिलेली नाही.

तिसरे कारण कार्डाचा वेग. 100 मेगाबिटने फोर के चित्रण केले तर दर सेकंदाला साडेबारा आणि मिनिटाला 750 एमबी लिहावे लागतात. 64 जीबीचे कार्ड सुमारे 85 मिनिटांत भरते. कार्डावरच्या ‘व्ही30’ या खुणेचा अर्थ सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची हमी, ‘व्ही60’ म्हणजे 60. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. चित्रणाला लिहिण्याचा वेग लागतो.

चौथे कारण उष्णता. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान 0 ते 40 अंश दिलेले असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा 45 च्या पुढे जातो आणि लग्नेही तेव्हाच असतात. कॅमेरा सावलीत ठेवणे, दोन चित्रणांच्या मध्ये बंद करणे, पडदा कॅमेऱ्यापासून उघडून धरणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या देशासाठी महत्त्वाची. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मेनूत एनटीएससी निवडलेले असेल तर सेकंदाला 30 फ्रेम पडतात आणि मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकू लागतात. पाल निवडून 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवले की पट्टे बहुधा जातात. हा दोष संकलनात सहजी निघत नाही. म्हणूनच चित्रण तिथल्या तिथे पाहण्याला एवढे मोल आहे.

पाहणे: सगळ्यात दुर्लक्षित काम

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘छान आले’ असे वाटणे हा पुरावा नव्हे. 9.2 लाख ‘डॉट’ असा ज्याचा गौरव होतो, तो पडदा प्रत्यक्षात 640 गुणिले 480, म्हणजे सुमारे 3 लाख चित्रबिंदूंचा असतो. लाल, हिरवा, निळा असे प्रत्येक बिंदूचे तीन डॉट मोजलेले असतात. पूर्ण एचडी फ्रेममध्ये सुमारे 20.7 लाख चित्रबिंदू असतात, फोर केमध्ये 83 लाख. थोडा सुटलेला फोकस त्या लहान पडद्यावर कळणारच नाही. त्यामुळे चित्रण सुरू करण्याआधी चित्र मोठे करून डोळ्यांवरचा फोकस तपासावा. नंतरच्या पाहण्यात शोधायच्या गोष्टी वेगळ्या: पट्टे, वाकडे क्षितिज, चेहऱ्यावरचा उजेड आणि मुख्य म्हणजे आवाज.

आवाजाच्या बाबतीत कॅमेऱ्याचा बारीक स्पीकर फसवतो. वाऱ्याची घरघर, पंख्याचा गुणगुणाट, लेन्सच्या मोटरची टकटक त्याच्यात ऐकू येत नाही. घरी मोठ्या टीव्हीवर लावले की तेवढेच ऐकू येते. कॅमेऱ्याला हेडफोनची जागा असेल तर ती वापरावी. नसेल तर पहिले अर्धे मिनिट घेऊन, स्पीकर कानाशी धरून, आवाज मोठा करून ऐकावे. चित्र हलले तरी माणूस सहन करतो, न कळणारे बोलणे सहन करत नाही.

पाहण्याचा दुसरा फायदा स्मरणाचा आहे. कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी आपल्याला माहीत असते की भाषणातले महत्त्वाचे वाक्य साधारण कुठे आले, आत्या कधी हसली, मूल पहिल्यांदा कधी उभे राहिले. महिन्याभराने तेच शोधायला सगळे चित्रण पुन्हा पाहावे लागते, आणि तेवढा वेळ कोणालाच नसतो. छाटणीचा निर्णय घेण्याची वेळ म्हणूनच तीच संध्याकाळ, आठवण ताजी असतानाची.

छाटणी: एक सेकंद इकडेतिकडे का होतो

कॅमेऱ्यातली छाटणी करायला सोपी आहे. चित्रण पडद्यावर आणायचे, थांबवायचे, संकलनाची खूण निवडायची, सुरुवातीची जागा ठरवायची, शेवटची ठरवायची, एकदा चालवून पाहायचे आणि साठवायचे. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत उरलेला तुकडा किमान दोन सेकंदांचा असावा लागतो. कॅननच्या पुस्तिकांत स्पष्ट म्हटलेले असते की छाटणी साधारण एकेका सेकंदाच्या टप्प्याने होते आणि प्रत्यक्ष कापलेली जागा निवडलेल्या जागेहून थोडी वेगळी असू शकते. या ‘थोडी वेगळी’चे कारण समजून घेण्यासारखे आहे.

‘डी90’ मोशन जेपेग पद्धतीने चित्रण करी. त्यात प्रत्येक फ्रेम हे स्वतंत्र, पूर्ण छायाचित्र असते, त्यामुळे कुठेही कापता येते. जागा मात्र फार लागते. 2003 मध्ये प्रमाणित झालेल्या एच.264 पद्धतीने वेगळा मार्ग धरला. काही ठरावीक फ्रेम पूर्ण साठवायच्या, त्यांना मुख्य फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच लिहायचे. भाषण देणाऱ्या माणसामागची भिंत सेकंदात 25 वेळा पुन्हा साठवण्याची गरज राहत नाही. पण या व्यवस्थेत मधली फ्रेम एकटी उभी राहू शकत नाही. विणलेल्या स्वेटरसारखेच हे आहे: भलत्याच ठिकाणी कापले तर वीण उसवते. म्हणून कॅमेरा जवळच्या मुख्य फ्रेमपर्यंत सरकतो आणि तिथे कापतो.

या सरकण्याचा एक मोठा लाभही आहे. मुख्य फ्रेमवर कापले तर बाकीचे चित्रण पुन्हा आवळावे लागत नाही, जसेच्या तसे नव्या फाइलीत जाते. चित्राचा दर्जा तिळमात्र कमी होत नाही आणि काम काही सेकंदांत होते. दोन व्हीसीआरच्या काळात प्रत्येक छाटणीची किंमत चित्राने मोजली होती. आज ती किंमत शून्य झाली आहे, फक्त काही फ्रेम जास्त राहतात. ज्यांना फ्रेमवर अचूक कापायचे असते त्यांच्यासाठी कॅननने 2012 च्या ‘फाइव्ह डी मार्क थ्री’मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारी ‘ऑल-आय’ पद्धत दिली. त्यात पूर्ण एचडी चित्रणाला मिनिटाला सुमारे 685 एमबी लागतात, नेहमीच्या पद्धतीत 235. घरगुती कामाला ही तिप्पट जागा खर्च करण्याची गरज नाही. चित्रण सुरू करताना दोन सेकंद आधी आणि थांबवताना दोन सेकंद नंतर बटण दाबले, की छाटणीला दोन्हीकडे मोकळी जागा मिळते.

कॅमेऱ्याच्या छाटणीची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. सहसा ती दोन टोके कापते. मधला भाग काढणे, दोन तुकडे जोडणे, आवाज सुधारणे, रंग जुळवणे यासाठी संगणक किंवा मोबाइल हवा. ही मर्यादा मला कमीपणाची वाटत नाही. शंभरातल्या नव्वद घरगुती क्लिपना टोके कापण्याखेरीज काहीच नको असते. सुरुवातीला कॅमेरा स्थिर होईपर्यंतचा धक्का आणि शेवटी जमिनीकडे वळलेली लेन्स, एवढे गेले की क्लिप पाहण्याजोगी होते. परदेशातल्या लेकीला पाठवायची दीड मिनिटे तयार व्हायला संगणकाची वाट पाहावी लागत नाही.

साठवताना विचारला जाणारा प्रश्न

छाटणीनंतर कॅमेरा विचारतो: नवी फाइल करू, की जुन्यावर लिहू? साऱ्या प्रक्रियेतला हा सर्वांत मोठा निर्णय, आणि तो घाईत घेतला जातो. उत्तर नेहमी ‘नवी फाइल’ असावे. कार्डावर पुरेशी जागा नसेल तर काही कॅमेरे फक्त ‘जुन्यावर लिहा’ एवढाच पर्याय दाखवतात. अशा वेळी छाटणी थांबवावी आणि कार्ड आधी उतरवावे.

बॅटरीचेही तसेच. एमपी4 किंवा एमओव्ही फाइलीत कोणती फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि बहुतेक कॅमेरे ती चित्रण थांबवल्यावर लिहितात. मधेच बॅटरी गेली तर चित्रण कार्डावर असूनही फाइल उघडत नाही, कारण अनुक्रमणिकाच लिहिली गेलेली नसते. छाटलेली फाइल साठवतानाही हाच धोका. भरलेली बॅटरी घालूनच छाटणीला बसावे.

फाइल चुकून पुसली गेली तर पहिली गोष्ट म्हणजे त्या कार्डावर आणखी काहीही घेऊ नये. पुसताना सहसा फक्त नोंद जाते. चित्रण त्यावर नवे लिहिले जाईपर्यंत तिथेच असते आणि बऱ्याचदा परत मिळवता येते. याचीच दुसरी बाजू अशी की कार्ड दुसऱ्याच्या हाती देताना पुसलेले सगळे गेले असे समजू नये.

साक्ष देणारे चित्रण

आतापर्यंतचे सारे घरगुती चित्रणाविषयी झाले. अपघात, पंचनामा, जमिनीचा वाद, सार्वजनिक कार्यालयातली घटना यांचे चित्रण असेल तर नियम उलटा होतो: काहीही छाटू नये.

याचे बोलके उदाहरण जालन्याचे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी 3 वाजेपर्यंत भरायचे होते. विजयी उमेदवाराचा अर्ज वेळेनंतर स्वीकारला गेला का, हा वाद न्यायालयात गेला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण कळीचे ठरले. न्यायालयापुढे आल्या त्या चित्रणाच्या प्रती, सीडींवर. प्रतीबरोबर कायद्याने लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी कायदा स्पष्ट केला: प्रत दिली तर तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम 65ब चे प्रमाणपत्र अनिवार्य, ज्या यंत्रात मूळ नोंद आहे ते यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. जालन्याच्या प्रकरणात प्रमाणपत्र मिळवण्याचे सगळे प्रयत्न करून झालेले असल्याने ती अट आड आली नाही आणि निकाल कायम राहिला.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ही तरतूद पुढे आली आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाइलीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलीतल्या सर्व माहितीवरून गणिताने काढलेली एक ओळखखूण. एक फ्रेम काढली तरी ती पूर्ण बदलते. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे. म्हणजे पोलीस, पंच आणि साधा नागरिक यांच्या हातातल्या चित्रणाचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे. अशा वेळी सुरुवातीची निरुपयोगी दिसणारी वीस सेकंदेही कामाची असतात. चित्रण कुठून सुरू झाले ते त्यांतूनच कळते. कार्ड काढून ठेवावे, त्यावरची लिहिण्याची कळ बंद करावी आणि पाहायचे असेल तर प्रत पाहावी.

पुढे काय हवे

तंत्राचा प्रवास पाहिला तर चित्रणावर कंपन्यांनी जेवढी बुद्धी आणि पैसा ओतला तेवढा पाहण्या-छाटण्यावर ओतलेला नाही. चित्रण एचडीवरून फोर के आणि एट केपर्यंत गेले. छाटणीचा मेनू अजूनही बहुतांशी दोन टोकांचाच. मोबाइल यात पुढे गेले आहेत. आयफोनमध्ये छाटलेली क्लिप नंतरही मूळ रूपात परत आणता येते. हीच सोय प्रत्येक कॅमेऱ्यात हवी. नवी फाइल हाच ठरलेला पर्याय असावा आणि जुन्यावर लिहायचे तर वेगळी परवानगी मागावी. मुख्य फ्रेम कुठे आहेत हे पट्टीवर दिसावे, म्हणजे कापलेली जागा का सरकली हे वापरणाऱ्याला कळेल. आणि मेनू मराठीत असावेत. बाजारातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आजही त्यासाठी जागा नाही.

आपल्या बाजूचे काम मात्र कंपन्यांची वाट पाहणारे नाही. आधीच्या पिढीच्या व्हीएचएस कॅसेट आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरत आहेत, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या बड्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, 2016 मध्येच उत्पादन थांबवले. कित्येक घरांतली लग्ने आता पाहताच येणार नाहीत. कार्डे आणि हार्ड डिस्कही अमर नाहीत. आणि जे कोणी पाहत नाही, त्याची नवी प्रतही कोणी काढत नाही. माणसे ज्याची प्रत काढतात, जे वाटतात, जपतात, ते बहुधा छोटे, निवडलेले, नाव दिलेले असते. छाटणी म्हणूनच फेकून देण्याचे काम नाही. शंभर मिनिटांतून पाच निवडणारा माणूस त्या पाच मिनिटांना टिकण्याची संधी देत असतो, आणि ती निवड त्या दिवशी तिथे हजर असलेल्या माणसाइतकी चांगली दुसऱ्या कोणाला करता येत नाही.